बॅगशॉसाहेब आणि शिवेचा दगड

इंग्लंडमध्ये टडलिंग नावाचं एक चिमुकलं गाव होतं. इतकं चिमुकलं, की नकाशा काढणारा जरा जोरात शिंकला असता तर ते कागदावरून उडूनच गेलं असतं. टेकडीवर चर्च, उतारावर गुलाबी बहरलेल्या सफरचंदाच्या बागा आणि खाली चमचमणारा ओढा. ओढ्याकाठच्या हिरव्यागार कुरणात टॅन्सी नावाची मुलगी आईबरोबर झोपडीत राहायची. दोघी इतक्या गरीब, की चुकून आत आलेला उंदीरही हळहळून परत जायचा.

टडलिंगची एक जुनी रीत होती. दर वसंतात सगळं गाव आपल्या शिवेवरून चालत जायचं आणि शिवेच्या प्रत्येक दगडावर एका मुलाला धपकन बसवायचं. का, तर गावाची हद्द त्याला जन्मभर आठवावी म्हणून. श्रीमंत आया आपल्या सोनुल्यांना कडेवरून उतरूच देत नसत, त्यामुळे आपटायला दरवर्षी टॅन्सीच. पण ती भारी मायाळू होती. उठली की कपडे झटकायची आणि दगडालाच विचारायची, "तुला फार लागलं का रे?"

एका वर्षी कुरणापलीकडचा दगड गायब झाला. शेजारच्या गावचे जमीनदार बॅगशॉसाहेब लगेच म्हणाले की दगड नाही म्हणजे शीवही नाही, तेव्हा कुरण माझं, झोपडी संध्याकाळपर्यंत रिकामी करा. आई डोळे पुसत बोचकं बांधू लागली. टॅन्सीला ते बघवेना. ती दगडाच्या रिकाम्या खड्ड्याशी जाऊन रडत बसली.

खड्ड्यात एका पानाखाली इवलीशी परी कुडकुडत होती. तिचे मोरपंखी पंख पार चिंब झाले होते. तो दगड म्हणजे तिच्या घराचं छप्पर होतं.

"दरवर्षी वरून माझी चौकशी करायचीस ती तूच ना, बाळ?" परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण स्वतःसाठी काही मागायचं नाही. मागितलंस तर नाक बिटासारखं लाल होईल."

टॅन्सीने विचारलं, आईसाठी घर मागू का? तेवढ्यात तिचं नाक लालेलाल झालं, कारण त्या घरात तीही राहणारच होती. ती गोंधळली. मग परीला हुडहुडी भरलेली तिने पाहिली आणि झोपडीचं सगळं विसरून ती म्हणाली, "मग तुझं छप्पर तुला परत मिळू दे."

आता तो दगड होता कुठे? बॅगशॉसाहेबांच्या बागेत. त्यांनीच तो गुपचूप उपटून नेला होता आणि त्यावर बसून ते चहा पीत होते. दगड साहेबांसकट उडाला. बागांवरून, चर्चवरून भुर्रकन आला आणि टॅन्सीच्या आईचं बोचकं उचलायला कुरणात जमलेल्या सगळ्या गावासमोर धपकन आपल्या खड्ड्यात बसला.

गावचे पाद्रीबुवा शांतपणे जवळ गेले. "साहेब, टडलिंगची शीव कुठे हो?"

"इथे," साहेब कंबर चोळत कण्हले. "अगदी इथेच. जन्मात विसरणार नाही."

आईने टॅन्सीला कुशीत घेतलं आणि बोचकं सोडलं. दगडाखालून सोनेरी उजेडाची एक लाट आली, टॅन्सीच्या लाल नाकाला गुदगुल्या करून गेली, आणि परी आपल्या घरात दिसेनाशी झाली.