हवेशीर व्याही

एका गावात एक भोळा राहायचा, हैबती त्याचं नाव. भोळा म्हणजे किती भोळा? तर मोठी माणसं सांगतील ते तो खरंच करायचा.

त्याच्या बहिणीचं, अनशीचं, लग्न आठवड्यावर आलं आणि नेमकी तेव्हाच गावात पडशाची साथ आली. घरोघरी नाकं गळायला लागली. ताप, घशात खरखर आणि शिंकांवर शिंका. त्यात होणारे व्याही सर्जेराव शकुनाला भारी कडक. त्यांनी निरोप धाडला, "मुहूर्ताला मांडवात एक जरी शिंक झाली, तर पोरगा घेऊन माघारी फिरेन."

अनशीचा जीव टांगणीला लागला. तिला पोरगा मनापासून आवडला होता. हैबती म्हणाला, "रडू नगंस. मी कुणाला शिंकूच देत न्हाई." आणि तो तडक दवाखान्यात नर्सबाईंकडे गेला.

"बाई, ही शिंक येती कुठनं?"

"नाकातनं," बाई म्हणाल्या. मग त्याचं तोंड बघून त्यांनी नीट सांगितलं. "कोंदट जागेत माणसं दाटीनं बसली की साथ पसरते. एकाचा श्वास दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा. दाटी दिसेल तिथं दार उघड आणि गर्दी पांगव."

"दिसंल तिथं?"

"दिसेल तिथं."

"बरं बाई. तसंच करतो."

घरी आला तर अंगणातच दाटी. आईच्या कोंबड्या खुराड्यात एकमेकींच्या अंगावर बसलेल्या. हवा नाही, उजेड नाही. हैबतीला फार वाईट वाटलं. त्यानं खुराडं उघडलं आणि हुश्श हुश्श करून सगळ्या पांगवल्या. कोंबड्या लग्नाच्या कुरडयांच्या वाळवणावर तुटून पडल्या. कोंबडा कौलावर चढून आरवला.

आई उलथनं घेऊन धावली. "मुडद्या, उघडत्यात व्हय? बाहेर पळणाऱ्याला आत ढकलायचं, कडी घालायची, आन् किती बी कलकलाट केला तरी उघडायची न्हाई!"

"बरं आई. तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी चुलत्याच्या, म्हणजे केरबातात्याच्या घरी भावकीची बैठक बसली. साथ कशानं आली हे ठरवायचं होतं. मोठ्या माणसांची एक रीत असते. ज्यातलं काही कळत नाही, ते त्यांना दार लावून बोलायचं असतं. तात्याचं म्हणणं, साथ वाऱ्यानं येते. वारं बाधतं. मग काय, खिडकीच्या फटीत पोती कोंबली, दार ओढून घेतलं आणि वीतभर खोलीत अख्खी भावकी मांडीला मांडी लावून बसली. त्यातल्या धुळाप्पाला सगळ्यात जास्त पडसं झालेलं. पण तो वयानं थोर, म्हणून त्याला मधोमध बसवला. त्यानंही कुणाला कमी-जास्त केलं नाही. चारी दिशांना तोंड फिरवून शिंकला. शिंकेला बाहेर जायला वाट नव्हती. ती एकेकाच्या नाकात मुक्कामाला गेली.

थोड्या वेळात म्हातारे गुदमरले आणि दार उघडून बाहेर यायला लागले. दारात हैबती उभा. त्याला आईचं बोलणं आठवलं. अंगानं तो रेड्यासारखा. त्यानं एकेकाला आत ढकललं आणि कडी घातली.

"हैब्या, दार उघड!"

"कलकलाट करू नगा, तात्या."

"आरं गाढवा, जीव चाललाय आमचा!"

"किती बी करा. आईनं सांगितलंय."

दिवस कलता कलता नर्सबाई तिथून चालल्या होत्या, त्यांनी कडी काढली. पण व्हायचं ते झालं होतं. दोन दिवसांत सगळी भावकी शिंकायला लागली. भजनातल्यासारखं एकानं सोडायचं, दुसऱ्यानं झेलायचं. तात्याचं नाक गाजरासारखं लाल झालं, पण तात्या हटला नाही. "बघितलंसा? मी म्हणत न्हवतो? पोत्याला भोक हुतं. तिथनंच वारं आलं!"

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "हैबती, शिंकणाऱ्यांना एका जागी कोंडतात का? मोकळ्या हवेत, एकेकाला लांब लांब ठेवायचं असतं."

अनशी म्हणाली, "आन् दादा, मांडवात जो शिंकंल त्याला उचलून लांब न्यायचं. मग कुणी का असंना."

"कुणी बी?"

"कुणी बी."

"बरं. तसंच करतो."

लग्नाचा दिवस उजाडला. नर्सबाईंच्या सांगण्यावरून मांडव मळ्यात घातला होता, चारी बाजूंनी उघडा. तरी भावकी पुढच्या खुर्च्या धरून खेटून बसलीच. पडसं झालं म्हणून मान कोण सोडतं? हैबतीनं हात जोडले. "तात्या, बांधावर चला सगळी. एकेका झाडाखाली एकेकानं बसायचं."

तात्या उसळला. "आमी म्हंजी काय गुरं हाय? जा, दावी आण आन् बांध आमाला! वैरण बी टाक पुढ्यात!"

"बरं तात्या. तसंच करतो."

आणि त्यानं केलं. बांधावर ओळीनं बाभळी होत्या. एका बाभळीला एक म्हातारा. पायाला दावं, पुढ्यात कडब्याची पेंढी.

वऱ्हाड आलं. सर्जेरावांनी उतरल्या उतरल्या विचारलं, "शिंकबिंक?"

"मांडवात एक बी न्हाई," हैबती म्हणाला.

मंगलाष्टकं सुरू झाली. भावकी जागेवर नव्हती, त्यामुळे कुणी रुसलं नाही, फेट्यावरून कुणी भांडलं नाही. त्या गावात पहिल्यांदाच लग्न मुहूर्तावर लागायची वेळ आली. अंतरपाटाच्या अलीकडे अनशी श्वास धरून उभी. सगळा मांडव नाक आवळून उभा. हा बंदोबस्त बघून सर्जेरावांना फार आनंद झाला. आनंद झाला की ते तपकीर ओढत. त्यांनी डबी काढली आणि चिमूटभर ओढली.

"आ... आ... आक् छी!"

भटजी थबकले. अनशीनं डोळे मिटले. सर्जेराव तर तोंड उघडं ठेवून उभेच. माघारी फिरायचं खरं, पण रागवायचं कुणावर, हे त्यांना ठरवता येईना.

हैबतीला काही ठरवायचं नव्हतं. त्यानं सर्जेरावांना खांद्यावर टाकलं आणि चालू पडला.

"आरं सोड! मी व्याही हाय! नवऱ्याचा बाप हाय मी!"

"कुणी बी, म्हणलीया अनशी."

अंतरपाटापलीकडून नवरदेवाचा आवाज आला. हसू आवरत होता बिचारा. "भटजीबुवा, म्हणा पुढचं. आबा हवेशीर जागी चाललेत."

अक्षता पडल्या. ताशा कडाडला. अनशीनं डोळे उघडले तर समोर नवरा हसत उभा.

इकडे बांधावर सर्जेरावांच्या पायात दावं पडलं होतं. ते थयथयाट करत होते. "अरं, भर लग्नात ही तऱ्हा? व्याह्याला काय मानपान हाय का न्हाई?"

हैबती विचारात पडला. बोलणं खरं होतं. त्यानं दावं सोडलं, सर्जेरावांना पुन्हा खांद्यावर घेतलं, गार सावलीच्या आंब्याखाली नेऊन नव्या कोऱ्या दाव्यानं बांधलं, आणि पुढ्यात हिरव्यागार मक्याचा भारा टाकला.

"असं कसं, पाव्हणं? मान हाय की. भावकीला नुसता कडबा घातलाय."