गुंजा आणि उंच टाचांचा महाल

हिरव्या डोंगरांनी ओंजळीत धरल्यासारखं एक छोटंसं नगर होतं. नगराच्या मधोमध मोतिया रंगाचा महाल होता. महालामागे एका खोलीच्या घरात गुंजा आणि तिची आई राहायच्या. घरात एक चूल, एक चटई आणि एक पितळी घंगाळ होतं. गुंजाचे बाबा ती रांगत होती तेव्हाच देवाघरी गेले होते. आई राणीसाहेबांच्या महालात अत्तराचं तबक धरून उभी राहायची. दोघींचं पोट त्यावरच चालायचं.

त्या महालाची एक रीत होती. राणीसाहेबांच्या जोड्याची टाच सगळ्यांत उंच, आणि बाकी प्रत्येक बाईची टाच तिच्याहून बरोबर एक बोट कमी. दारावर मालनबाई चंदनाची मोजकाठी घेऊन बसायची. काठीला टाच लागली तर आत, नाहीतर घरी. दिवसभर महालात टकटक, टकटक चालायचं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटायचं, आत चांदीचे घुंगरू वाजताहेत.

आतली गोष्ट गुंजाला माहीत होती. संध्याकाळी आई भिंत धरधरून घरी यायची. पायांची बोटं एकमेकांवर चढलेली असायची. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलं होतं आणि तळव्याला घट्टे पडले होते. गुडघे दुखायचे, कंबर धरायची, आणि आठवड्यातून एकदा तरी पाऊल मुरगळायचं. गुंजा घंगाळात कोमट पाणी ओतायची, चिमूटभर मीठ टाकायची आणि आईचे पाय त्यात ठेवून हळूहळू चोळायची.

"आज परत जिन्यावर तोल गेला गं," एकदा आई म्हणाली. "तबक वाचलं. पण पुढच्या वेळी पडले आणि पाय मोडला, तर तुझं कसं व्हायचं?"

गुंजा आईचे पाय चोळत राहिली.

रोज सकाळी राणीसाहेबांच्या वेणीसाठी फुलं वेचायचं काम गुंजाकडे होतं. एके दिवशी बागेत पांढऱ्याशुभ्र कुंदाचा सडा पडला होता. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे इवले इवले मणी लुकलुकत होते. गुंजा वाकली, तर पानाआडून कुणीतरी मुसमुसत होतं.

पाहते तर एक परी. करंगळीएवढी उंच, पंख फुलपाखरासारखे जांभळे-सोनेरी, आणि पायांत बाभळीच्या काट्यांच्या टाचा. दोन्ही टाचा ओल्या मातीत पार रुतून बसल्या होत्या.

"अगं परीताई, तुला तर उडता येतं," गुंजा म्हणाली. "हे कशाला घातलंस?"

"महालातल्या सगळ्या बायका घालतात म्हणून," परीनं नाक पुसलं. "लांबून फार छान दिसतात गं. आता पाय निघतही नाहीत आणि दुखायचे थांबतही नाहीत."

गुंजानं तिला अलगद धरून वर उचललं. काट्यांचे जोडे मातीतच राहिले. मग गुंजानं पानाच्या द्रोणात दव गोळा केलं, उन्हाच्या कवडशात कोमट होऊ दिलं आणि परीचे तांदळाएवढे पाय त्यात बुडवले. करंगळीच्या टोकानं ती ते हळूहळू चोळत राहिली. परीचे गाल डाळिंबी झाले.

"माझं नाव पिसोळी," परी म्हणाली. "तू माझे दोन पाय सोडवलेस, म्हणून तुझ्या दोन इच्छा. पण नियम ऐक. स्वतःसाठी मागितलेली इच्छा फळत नाही. दुसऱ्यासाठी मागायची असेल तर त्याला आधी विचारायचं. न विचारता मागितलीस, तर ती संध्याकाळपर्यंतच टिकते."

पण गुंजाला धीर कुठला? आईचे सुजलेले पाय तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

"माझ्या आईचे जोडे आत्ताच्या आत्ता सपाट होऊ देत," ती म्हणून बसली.

हवेत केशरी ठिणग्या उडाल्या. तिकडे महालाच्या दारात आईच्या टाचा लोण्यासारख्या विरघळून गेल्या.

गुंजा धावत गेली, तर आई उंबऱ्याशी बसून कळवळत होती. किती वर्षं उंच टाचांवर राहून तिच्या पोटऱ्या आखडून गेल्या होत्या. टाच जमिनीला टेकवू गेली की घोट्यापासून गुडघ्यापर्यंत नस ओढली जायची.

"ही बघा, चपटी आली कामाला," मालनबाई काठी आपटत म्हणाली. "उद्या काठीला लागतील असे जोडे घालून ये. नसतील तर येऊच नकोस."

गुंजानं आईला खांद्याचा आधार देऊन घरी नेलं. संध्याकाळी नियमाप्रमाणे उंच टाचा परत आल्या आणि आईनं सुटकेचा निःश्वास सोडला. गुंजाला मात्र रडू आलं. तिनं सगळी हकीकत सांगून टाकली.

"वेडाबाई," आईनं तिला जवळ घेतलं. "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पाय असे एकदम खाली येत नाहीत. त्यांना रोज थोडं थोडं समजवावं लागतं. रोज तांदळाच्या एका दाण्याएवढी टाच कमी झाली, तर सोसेल मला."

"मग तसंच मागू का, आई?"

"माग की. पण मालनबाईची काठी आहे ना. राणीसाहेबांची टाच उतरल्याशिवाय माझी उतरायची नाही. आणि त्यांना कोण विचारणार?"

गुंजा विचारात पडली. इच्छा एकच उरली होती. ती वाया गेली, तर आईला रोज त्याच उंच टाचांवर जिना चढावा लागणार होता.

सकाळी ती फुलांची परडी घेऊन बागेच्या टोकाला गेली. तिथे मधुमालतीच्या मांडवाखाली राणीसाहेब एकट्याच बसल्या होत्या. अंगावर मोरपंखी शालू, कानांत हिऱ्यांच्या कुड्या. पण एक जोडा काढून ठेवलेला होता आणि त्या दोन्ही हातांनी पाऊल दाबत होत्या. गुंजानं पाहिलं, बोटं थेट आईच्या बोटांसारखी एकमेकांवर चढलेली होती.

राणीसाहेबांनी झटकन पाऊल शालूखाली ओढलं. "काय बघतेस?"

गुंजा परडी खाली ठेवून म्हणाली, "माझ्या आईचेही पाय असेच दुखतात. मिठाच्या कोमट पाण्यात ठेवले की जरा बरं वाटतं. आणू का?"

राणीसाहेबांनी मांडवाबाहेर एक नजर टाकली. मग हळूच म्हणाल्या, "आण. पण कुणाला सांगू नकोस."

गुंजानं घंगाळ आणलं. पाय चोळता चोळता तिनं परीबद्दल सांगितलं, आणि आईबद्दलही. शेवटी विचारलं, "तुमच्यासाठी मागू का, राणीसाहेब? रोज तांदळाच्या दाण्याएवढं?"

राणीसाहेबांचे डोळे भरले. "मी या घरी आले तेव्हा लोक म्हणायचे, राणी फार बुटकी आहे. टाचा उतरल्या की परत म्हणतील. सिंहासनावर मी दिसायचीसुद्धा नाही."

गुंजानं खरं तेच सांगितलं. "मी तर तुमच्याहून कितीतरी बुटकी आहे. तरी आई मला भर बाजारात लांबून ओळखते. तुम्हाला कोण ओळखणार नाही?"

राणीसाहेब हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखं ते हसू जरा अडखळतच आलं. "माग," त्या म्हणाल्या. "पण हळूहळू हं."

गुंजानं डोळे मिटून आईसाठी आणि राणीसाहेबांसाठी ती इच्छा मागितली. मधुमालतीच्या झुपक्यांतून गुलाबी प्रकाशाची एक लहर सळसळत गेली.

दुसऱ्या दिवसापासून महालात गंमतच झाली. राणीसाहेबांची टाच उतरली म्हणून मालनबाईला मोजकाठी तासावी लागली. काठी तासली म्हणून बाकीच्या बायका काठीपेक्षा उंच ठरू लागल्या. नगरातला चांभार सकाळी सकाळी दारावर येऊन बसे आणि एकेक टाच तासून देई.

"रोजची कटकट झाली आहे नुसती," मालनबाई कुरकुरायची. मग स्वतःचा जोडा पुढे करून हळूच म्हणायची, "माझी जरा जास्तच तास बाबा. कालपासून गुडघ्याला उगीच बरं वाटतंय."

आई रोज संध्याकाळी भिंतीला हात टेकून पोटऱ्या हळूहळू ताणायची. गुंजा शेजारी उभी राहून तसंच करायची. टकटक कमी होत गेली. जिन्यावर तोल जाईनासा झाला. आणि सिंहासनाचं म्हणाल, तर राणीसाहेब त्यावरून उतरून लोकांमध्ये फिरू लागल्या. त्या किती उंच आहेत, हे बघायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

मग एका सोनेरी सकाळी आईनं बागेच्या कडेला जोडे काढून ठेवले आणि दवाच्या गवतावर पाऊल ठेवलं. आधी बोटं, मग चवडा, मग टाच. अंगठ्याचं हाड वाकलेलंच होतं, ते काही सरळ झालं नाही. पण टाच टेकली, आणि कुठेच नस ओढली गेली नाही.

पिसोळी कुंदाच्या फांदीवर अनवाणी बसून बघत होती.

"गुंजे, तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस," ती म्हणाली.

"नियमच तसा होता ना, परीताई."

"नियम मागण्यापुरता होता. न मागता मिळणाऱ्याला नियम नाही."

तिनं पंख झटकले. जांभळा, सोनेरी, पोपटी असा प्रकाश तिच्याभोवती गरगर फिरला, मोठा मोठा होत सगळ्या बागेवर पसरला आणि दवाच्या थेंबाथेंबांत विरून गेला. फांदीवर कुणीच नव्हतं.

गुंजा रिकाम्या फांदीकडे पाहत राहिली. काय मिळणार आहे ते परीनं सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात मागून आईची हाक आली. वळून पाहते, तर आई तिच्याकडे पाठ करून खाली वाकली होती.

"बस पाठुंगळी," आई म्हणाली.

"तुझी कंबर दुखेल ना."

"बस म्हटलं ना."

गुंजा पाठीवर चढली आणि तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. आई उठली, जरा थांबली, आणि ओल्या गवतावरून चालू लागली. आधी सावकाश, मग भराभर, आणि मग चक्क पळत सुटली.