बेटावरची राखण

देवाच्या दयेनं बारा महिने भरलेलं एक तळं होतं, मधोमध बेट होतं. जो तळ्याची राखण करील त्यालाही बेटावर घरट्याला जागा मिळावी, अशी पाखरांची रीत होती.

राखणीची जागा रिकामी झाली, तशी काठावरची टिटवी राखणदार नेमणाऱ्या बगळेबुवांकडे गेली. तिचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते.

"बुवा, पान हललं तरी मला जाग येते. मला ठेवा."

"खरं गं, पण बेटावर तुझं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग तुझ्यासाठी शब्द कोण टाकणार? हा पाणकोंबडा आमच्या मेव्हणीचा दीर. घरचाच आहे, बाई!"

पाणकोंबडा राखणीला लागला आणि जेवून झोपू लागला. टिटवीनं काठावरच खड्यांत अंडी घातली.

एके दुपारी पाणमांजर बेटाकडे पोहत निघालं. टिटवी जीव तोडून ओरडली. बेटावरच्या आयांनी पिल्लं लव्हाळ्यात लपवली. पाणमांजर उपाशीच काठावर परतलं आणि टिटवीची अंडी खाऊन गेलं.

"केवढा कर्कश आवाज!" बगळेबुवा म्हणाले. "बिचाऱ्या पाणकोंबड्याची झोपमोड झाली."

संध्याकाळी बगळीण एकटीच काठावर आली आणि टिटवीजवळ बसून राहिली.

देवा, अशी बुद्धी आम्हांला वेळेवर दे.