पट्टी सुटण्याआधीची वाहवा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. तिथे एक तरुण नेत्रवैद्य होता. पाच वर्षं त्याने डोळे धुतले, अंजनं घोटली, औषधांचे थेंब घातले. आता उरलं होतं ते सगळ्यात नाजूक काम. मोतीबिंदू काढणं आणि बुबुळावर पडलेलं फूल उतरवणं. त्यासाठी आणखी दोन वर्षं एकाच गुरूपाशी राहावं लागे, आणि एकदा निवडलेला गुरू बदलता येत नसे.

तरुण भारी संशयी. दुधात पाणी किती, हे गाईलाच विचारेल असा. त्यातून त्याच्या थोरल्या बहिणीचा एक डोळा लहानपणीच गेलेला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला.

"दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. तूच शिकून ये," ती म्हणाली होती. गुरू चुकला, तर तिचा उरलासुरला उजेडही जाणार होता.

राजधानीत एका वैद्यराजांचं मोठं नाव होतं. तरुण तिथे गेला, तर रोगी गळ्यात हार घालून वाजतगाजत घरी निघालेले. जो तो वैद्यराजांचे गोडवे गात होता. आजवर एकही डोळा बिघडला नाही, असं शिष्य छातीठोकपणे सांगत होते.

तरुणाच्या मनात पाल चुकचुकली. एकही नाही?

त्याने एका म्हाताऱ्याला बाजूला घेतलं. "आजोबा, आता किती दिसतं?"

"दिसतं कसलं, बाबा? अजून पट्टी कुठे सोडलीय! ती घरी जाऊन सोडायची, असा इथला रिवाज आहे."

"मग एवढी स्तुती कशाची?"

"सगळेच करतात. आपण गप्प बसलेलं बरं दिसत नाही."

"आणि पट्टी सोडल्यावर नाहीच दिसलं तर?"

"तर काय? आंधळा माणूस चार दिवसांची वाट तुडवून सांगायला येणार आहे होय?"

तरुणाने तिथून काढता पाय घेतला.

मग तो डोंगरापलीकडच्या एका वैद्यबाईंकडे गेला. तिथलं दृश्य अगदी उलटं. ओसरीभर माणसं, कुणाचा डोळा पांढरा पडलेला, कुणाचा लालभडक, कुणाचा सारखा गळणारा. इथे सगळा आनंदच दिसतोय, असं म्हणून तो मागे फिरणार होता. पण संशयी माणसाला विचारल्यावाचून राहवत नाही.

"बाई, यातले किती तुम्ही बिघडवलेत?"

"चार," हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या. "कोपऱ्यातली ती, ते मुंडासंवाले, आणि हे दोघे भाऊ. बाकीचे दुसरीकडून आलेत. पट्टी मी स्वतः सोडते, महिन्याने परत बोलावते, कुणी आलं नाही तर त्याच्या घरी जाते. म्हणून चार कळले."

"ते रागावत नाहीत?"

"रागावते की!" कोपऱ्यातली बाई फणकारली. "रोज शिव्या घालते. पण कुठे चुकलं ते हिलाच ठाऊक आहे. माझा दुसरा डोळा हीच नीट करील."

तरुणाचा संशय तेवढ्याने फिटणारा नव्हता. त्याने आठ दिवस ओसरीवर मुक्काम ठोकला आणि सुटणारी प्रत्येक पट्टी जवळून पाहिली. एकतीस जणांना दिसलं, एकाला नाही. त्या एकापाशी बाई दिवस मावळेपर्यंत बसून राहिल्या. तेव्हा कुठे तो त्यांच्या पाया पडला.

वैद्यराजांकडे त्या वर्षी सतरा शिष्य राहिले. आपल्या हातून काय घडलं, हे त्यांना जन्मभर कळलं नाही.

दोन वर्षांनी तरुणाने बहिणीच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टीही त्याने स्वतःच सोडली. बहिणीने त्याचा चेहरा नीट न्याहाळला.

"केवढा वाळलास रे," ती म्हणाली, आणि तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

तात्पर्य: जिथे चूक दिसते तिथे नव्हे, जिथे ती कधीच दिसत नाही तिथे आधी शंका घ्यावी.