धारवाडकरसाहेबांची अभेद्य फाईल

एका नगरपालिकेच्या संगणक विभागाला धारवाडकरसाहेब प्रमुख म्हणून लाभले होते, आणि आपण लाभलो आहोत याची आठवण ते रोज करून देत. लिपिकभरतीच्या गुणांची एक्सएमएल फाईल त्यांनी स्वतः कोड लिहून एन्क्रिप्ट केली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी सांकेतिक करून टाकली, आणि मुख्याधिकारी मॅडमच्या बैठकीत पडद्यावर झळकवली.

"वाचून दाखवा कुणीही! हिची किल्ली फक्त माझ्याकडे आहे. माझ्याशिवाय या फाईलला कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही."

"साहेब, ही तर उघडीच आहे," मागून प्रोग्रॅमर हेमांगी टिळेकर म्हणाली.

साहेब भडकले. "सिद्ध करा, नाहीतर उद्यापासून जन्मनोंदणीच्या खिडकीवर बसा!"

हेमांगी पडद्यापाशी गेली. अशा फाईलमधली प्रत्येक माहिती एका टॅगमध्ये, म्हणजे जणू नावाची चिठ्ठी लावलेल्या डब्यात, ठेवलेली असते. साहेबांनी टॅगच्या आतला मजकूर तेवढा कुलूपबंद केला होता. टॅगची नावं तशीच उघडी राहिली होती.

"आतलं एक अक्षर मला कळत नाही," ती म्हणाली. साहेब खुशीत हसले. "पण डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येतात. प्रत्येक उमेदवाराला 'खरे-गुण' आहेत. सात जणांना मात्र त्याखाली 'वाढवलेले-गुण' आहेत, आणि त्याच्याही खाली 'कोणाचा-माणूस'."

साहेबांचं हसू जागीच थिजलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोणाची माणसं आहेत ही?"

"ते मला कसं कळणार, मॅडम?" हेमांगी म्हणाली. "किल्ली फक्त साहेबांकडे आहे. आणि त्यांच्याशिवाय या फाईलला कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही."