दगडी कासवाचा चेला

देवळातले दगडही बोलत, त्या काळची ही गोष्ट. महादेवाच्या देवळामागच्या तळ्यात एक कासव राहत होतं. सभामंडपातल्या दगडी कासवाला त्यानं गुरू मानलं होतं. कुणी फुलं वाहो, कुणी अंगावर पाणी सांडो, गुरुजी ढिम्म हलत नसत! योगी म्हणतात तो हाच, असं ठरवून तेही शेजारी बसून हातपाय, मान आत ओढून घेऊ लागलं.

उन्हाळ्यात तळं आटलं. त्याची मैत्रीण बेडकी आली आणि पाठीवर टकटक करत म्हणाली, "अरे, आम्ही सगळे नदीवर निघालोय. चल की रे!" कासवाला आत रडू फुटलं, तरी त्यानं मान बाहेर काढली नाही. बेडकी बराच वेळ थांबली आणि मग गेली.

मन शांत झाल्यासारखं वाटलं, तेव्हा कासव बाहेर आलं. तळ्यात नुसत्या भेगा होत्या. हाक मारावी असं कुणीच उरलं नव्हतं.

"गुरुजी, जमलं मला," ते मंडपात परत येऊन म्हणालं. "बेडकीनं एवढं बोलावलं, तरी मी हललो नाही."

दगडी कासव पहिल्यांदाच बोललं, "वेड्या, मला हलताच येत नाही. येत असतं, तर तिच्या पहिल्या हाकेला उठलो असतो."