फितूर झरा आणि बोलीचा कातळ

कुसवडे घाटाच्या माथ्यावर, जुनी बैलवाट खिंडीतून बाहेर पडते तिथं, एक सपाट काळा कातळ आहे. चारपाच माणसं मांडी घालून ऐसपैस बसतील एवढा. त्याला बोलीचा कातळ म्हणतात. कातळाच्या जरा वर एक झरा आहे. तो उगवतो पूर्वेच्या अंगाला, उतारही पूर्वेचाच, पण थोडं पुढं गेलं की पाणी वळतं, दगडात खोदलेल्या पन्हळीत शिरतं आणि खिंड ओलांडून पश्चिमेला, खाली कोकणात उतरतं. जुनी माणसं त्याला फितूर झरा म्हणतात. पाणी कसलं फितूर होतंय! पण नाव पडलं ते पडलं.

चैत्रात देवीची जत्रा भरते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी या कातळावर पत्ते खेळायची रीत आहे. पैसा लावत नाहीत, नारळ लावतात. मात्र पानं वाटण्याआधी एकानं उभं राहून डावाचा क्रम मोठ्यानं बोलावा लागतो. कुठल्या हातावर कुठला हात चढतो, ते सगळं. बोली झाल्याशिवाय पानाला बोट लावत नाहीत. ही रीत कशी पडली, त्याची गोष्ट सांगतात ती अशी.

त्या काळी या माथ्यावर धनगरवाडा होता. पाचपन्नास म्हशी, थोडी शेरडं, आणि पाण्याला हा एकच झरा. वाड्याचा कारभारी होता बिरू झोरे. अंगानं थोराड, बोलायला थोडका. त्याची आई ठकूबाई. एका पावसाळ्याच्या तोंडावर मिठाचे बैल घेऊन चाललेल्या एका बाईला याच कातळाशी कळा सुरू झाल्या. मूल जगलं, बाई गेली. बिरू तेव्हा अंगावर पीत होता. ठकूबाईनं ते पोर दुसऱ्या बाजूला घेतलं. बाप बैल हाकत पुढं गेला, पोराला वर्षानं न्यायला आला. त्या पोराचं नाव सोनजी. दुधानं बिरूचा भाऊ.

सोनजी मोठा झाला आणि बापाच्या मागं बैलांवर लागला. खालच्या खारेबंदरातून मीठ वर आणायचं, वरून नाचणी आणि तूप खाली न्यायचं. घर नव्हतं. बैल थांबतील तिथं त्याची चूल. पण घाट चढला की पहिला मुक्काम ठकूबाईच्या दारात. ती त्याच्यासाठी खरवस राखून ठेवायची, आणि तो तिच्यासाठी मिठाचे खडे फडक्यात बांधून आणायचा.

पत्ते या माथ्यावर आणले ते सोनजीनंच, असं म्हणतात. बंदरात गलबतांबरोबर आले होते. दुपारी म्हशी सावलीला बसल्या की हे दोघे कातळावर पानं मांडायचे. तीन पानं सारखी आली तर त्याला ते तिळं म्हणत, दोन सारखी आली तर जुळं. ओळीनं चढती आली की रांग, एकाच जातीची आली की रंग. सोनजीनं बिरूला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. खाली बंदरात पाच पानं वाटतात. पाचांत रांग त्यामानानं लवकर जुळते, रंग जुळता जुळत नाही. म्हणून तिथं रंग वर, रांग खाली. वर माथ्यावर तीनच पानं. तिनांत उलटं होतं. रंग सहज येतो, रांग अडून बसते. म्हणून इथं रांग वर. शिमग्याला तर सगळाच उफराटा डाव, सगळ्यात हलकी पानं ज्याची तो जिंकला. ‘पानं तीच असतात, बिरूदादा,’ सोनजी म्हणायचा, ‘डाव कुठला ते आधी बघायचं.’

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला. खारेबंदरच्या विहिरी मचूळ झाल्या. खालच्या लोकांचं म्हणणं पडलं, झरा खिंडीत आहे, खिंड दोघांची, पन्हळ खोदून पाणी खाली घेऊ. वाड्यानं नकार दिला. कुदळी घेऊन माणसं वर आली, काठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली. बंदराचा प्रमुख होता दामू तांडेल, वयस्क आणि शब्दाचा माणूस. त्यानं निरोप धाडला की माणसं मरण्यापेक्षा देवीपुढं एक डाव मांडू. ज्याचा हात वर, त्याचं पाणी. बिरूनं विचार केला. खालचे लोक संख्येनं जास्त होते, काठीनं झरा राखता येणार नव्हता. तो हो म्हणाला.

पंच कोण? दोन्हीकडचा माणूस एकच होता. सोनजीचं नाव निघालं आणि कोणीच हरकत घेतली नाही. वाड्यावर तर बायकांनी त्या दिवशी निर्धास्तपणे भाकऱ्या थापल्या, असं सांगतात.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर, देवीची पालखी कातळाशी आणून ठेवली. एका बाजूला वाडा, एका बाजूला बंदर. तांडेल म्हणाला, वर खेळायचं तर वरचा डाव, तीनच पानं वाटा. बिरूला ते बरं वाटलं. तरी पानं पिसली जात असताना त्याच्या मनात आलं की सगळ्यांसमोर क्रमही बोलून घ्यावा. तो तसं म्हणालाही. तेव्हा सोनजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘मी बसलोय ना,’ तो म्हणाला. ‘क्रम काय आज नवा आहे?’

बिरू समोर बसला. दूधभावाला चारचौघांत आणखी काय विचारायचं?

पानं वाटली. बिरूनं उघडली ती सत्ती, अठ्ठी, नव्वी. जाती वेगवेगळ्या, पण रांग सरळ. वाड्याची माणसं एकमेकांकडं बघून हसली. तांडेलनं आपली पानं एकेक करून ठेवली. दुर्री, पंजा, राणी, तिन्ही बदामाची. रंग.

बिरू पानं गोळा करायला वाकला होता. तेवढ्यात सोनजी म्हणाला, ‘रंग वर. पाणी बंदराचं.’

बिरूला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यानं मान वर केली. सोनजी त्याच्याकडं बघत नव्हता, पालखीच्या दांड्याकडं बघत होता. तेवढ्यावरून बिरूला कळलं की ही चूक नव्हे. चुकलेला माणूस डोळ्याला डोळा देतो.

‘सोनजी,’ तो म्हणाला, ‘तीन पानांत वर काय, हे मला कोणी शिकवलं?’

‘बंदरात असंच खेळतात,’ सोनजी म्हणाला.

‘आणि इथं?’

वाड्यातल्या पोरांनी काठ्या उचलल्या. बिरूनं हात आडवा धरला. देवीपुढं शब्द दिला होता, आणि पंच त्यांनीच मानला होता. तो उठला, कातळावरून खाली उतरला आणि घराकडं चालू लागला.

सोनजीनं असं का केलं, ते पुढं बऱ्याच दिवसांनी उघड झालं. तांडेलच्या चुलतभावानं त्याला गुपचूप शब्द दिला होता, पाणी खाली आलं तर बंदरात घराला जागा देऊ आणि आमची लेक देऊ. तांडेलला तेव्हा याचा पत्ता नव्हता. आदल्या संध्याकाळी त्यानं सोनजीला क्रम विचारला होता, आणि सोनजीनं सांगितलं होतं, तुमचाच चालतो. जन्मभर ज्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, त्याला छप्पर दिसलं. असंही म्हणणारे आहेत. पण ठकूबाईचं छप्पर त्याला छप्पर वाटलं नाही, हेच बिरूला सलत राहिलं.

आईला त्यानं खरं सांगितलं नाही. म्हणाला, पानं वाईट आली, आणि वाड्यालाही तसंच सांगायला बजावलं. ती पत्ते जाणत नव्हती. तिनं मानलं.

खालच्यांनी पन्हळ खोदली आणि पाणी वळलं. म्हशी रिकाम्या डबक्याशी येऊन उभ्या राहायच्या, हाकलल्या तरी हलायच्या नाहीत. वैशाखात वाड्यानं बिऱ्हाडं उचलली आणि पूर्वेला, दूर नदीकाठी निघाला. निघताना ठकूबाई कातळाशी थांबली. तिनं बिरूला सांगितलं, ‘आपण कुठं गेलो ते कुणापाशी तरी सांगून ठेव. सोनजी मीठ घेऊन येईल आणि हुडकत बसेल.’

बिरू बरं म्हणाला. निरोप त्यानं कुणाकडंच ठेवला नाही. ठकूबाई त्या वाटेचा शीण सोसू शकली नाही. नदी दिसायच्या आधीच ती गेली.

इकडं सोनजीचं घर उभं राहिलं, लग्न झालं. पुढच्या साली दामू तांडेल घाटावरच्या एका गावी सोयऱ्याकडं गेला होता. तिथं तीन पानांचा डाव बसला. तांडेलच्या हाती रंग आला, त्यानं पानं टाकून नारळाला हात घातला. तर यजमान हसून म्हणाला, रावसाहेब, तीन पानांत रांग वर. तांडेलचा हात तिथंच राहिला. त्यानं चार घरी विचारलं. चारी घरी तेच सांगितलं.

तो बंदरात परतला. सोनजीला काही बोलला नाही. मात्र संध्याकाळी चावडीवर पत्ते निघाले आणि सोनजी येऊन बसला, तेव्हा तांडेल उठून उभा राहिला आणि त्यानं अख्खा क्रम मोठ्यानं बोलून दाखवला, लहान पोरांना सांगावा तसा. कोणी विचारलं, हे कशाला? तांडेल म्हणाला, हा माणूस बसलाय म्हणून. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पुढं पुढं सोनजी दिसला की पोरंसुद्धा क्रम म्हणायची. ज्यांच्यासाठी त्यानं हे केलं, त्यांनाच त्याचा भरवसा उरला नाही. आज आमच्यासाठी फिरला, उद्या आमच्यावर फिरेल, असं बायकाही पाणवठ्यावर बोलत. आणि तो पाणवठा त्यानंच आणलेला.

पुढच्या जत्रेला तांडेलनं माणूस पाठवून नदीकाठी वाड्याचा शोध काढला आणि बिरूला बोलावून घेतलं. बिरू एकटाच आला. सोनजीही आला होता. त्यानं आधी विचारलं, आई कुठं आहे? बिरूनं सांगितलं. निघताना ती काय म्हणाली होती, तेही सांगितलं. त्यात एक शब्द वाढवला नाही की कमी केला नाही.

मग सोनजी कातळावर चढला. पालखीसमोर, दोन्हीकडच्या माणसांसमोर त्यानं क्रम बोलून दाखवला. तीन पानांचा डाव असेल तर तिळं सगळ्यांत वर, मग एकाच जातीची रांग, मग साधी रांग, मग रंग, मग जुळं, मग सुटं पान. पाच पानांचा डाव असेल तर रंग रांगेच्या वर. ‘माथ्यावर त्या दिवशी तीन पानं होती. रांग वर होती. मला माहीत होतं,’ तो म्हणाला.

तो बिरूकडं बघत उभा राहिला. सगळेच बघत होते. कोणी म्हणतात, बिरूच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणी म्हणतात, नव्हतं.

‘ऐकलं,’ बिरू म्हणाला.

तांडेलनं पन्हळ बुजवतो म्हणून कुदळ मागवली. बिरूनं ती अडवली. वाडा आता नदीकाठी रुजला होता, आणि खाली बंदरातही लेकरं होतीच. ‘वाहू द्या तिकडंच,’ तो म्हणाला. ‘येणारा-जाणारा विचारील, पाणी असं का वळलं म्हणून. कुणीतरी सांगेल.’ काठी उचलून तो पूर्वेच्या उतारानं निघून गेला. सोनजी संध्याकाळपर्यंत कातळाशी बसून होता. दोघांची पुन्हा गाठ पडली नाही.

आता ती बैलवाट मोडली आहे. खारेबंदरात गलबतं लागत नाहीत. पण आजही चैत्रात झोऱ्यांचं एखादं माणूस नदीकाठाहून येतं, बंदराचं एखादं वर चढतं. बंदराचा माणूस कातळावर उभा राहून क्रम बोलतो. तीन पानं तर तीनचा, पाच तर पाचचा, उफराटा तर उफराटा. सोयऱ्याला आणि भावाला पंच नेमत नाहीत. बोली संपली की झोऱ्यांकडचा माणूस एवढंच म्हणतो, ‘ऐकलं.’ पन्हळीतल्या पाण्याचा आवाज तेवढा येत राहतो. मग पानं वाटतात.